तीन महिन्यांची मुदत आणि ‘बंद’ हा शब्द

प्रांतोप्रांतीचे बालक अधिनियम होते, मुंबईचा तर १९२४ चा. तरीही १९८० च्या दशकात १६ वर्षांखालील मुले तुरुंगांत खितपत होती. पत्रकार शीला बारसे सर्वोच्च न्यायालयात गेल्या.

१३ ऑगस्ट १९८६ रोजी सरन्यायाधीश भगवती यांच्या पीठाने ठरविले: ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात तपास ३ महिन्यांत न झाल्यास मुलावरील प्रकरण बंद समजावे, आरोपपत्र मुदतीत आल्यास पुढील ६ महिन्यांत निकाल द्यावा. सुनावणी बाल न्यायालयात, नेहमीच्या फौजदारी न्यायालयात नव्हे.

मुदती कायद्यात पुष्कळ असतात. मोडल्या तरी यंत्रणेचे काही बिघडत नाही. इथे ‘बंद’ या शब्दाने दिरंगाईची किंमत तपास करणाऱ्यांवर टाकली.

त्याच वर्षी संसदेने बाल न्याय अधिनियम केला. त्यात चौकशीला ३ महिने दिले. विशेष कारणे नोंदवून ते वाढविण्याची मुभाही दिली.