सुरतेतील प्लेगची साथ, १९९४

सप्टेंबर १९९४ मध्ये गुजरातेतील सुरत शहरात उद्भवलेली फुफ्फुसी प्लेगची साथ. रोगनिदानाच्या इतिहासात ही साथ मृत्युसंख्येपेक्षा वादामुळे अधिक ओळखली जाते. रुग्णांना योग्य औषध काही तासांत मिळू लागले, पण रोग प्लेगच होता हे सर्वमान्य व्हायला काही वर्षे लागली.

पार्श्वभूमी : भारतात १९६६ नंतर माणसांतील प्लेगची निश्चित नोंद नव्हती. ऑगस्ट १९९४ च्या अखेरीस बीड जिल्ह्यातील मामला गावात काखेत व जांघेत गाठी आलेले तापाचे रुग्ण आढळले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर सोडून दिलेल्या घरांत धान्य पडून राहिले, त्यावर उंदीर पोसले आणि रानातील प्लेग वस्तीत आला, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. बीडचा रोग सुरतेला कसा पोचला, किंवा पोचलाच का, हे मात्र सिद्ध झालेले नाही. सुरतेत सप्टेंबरच्या सुरुवातीला तापीच्या पुराचे पाणी सखल वस्त्यांत शिरले होते. १८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी झाली आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत वेड रोड, कतारगाम या भागांतील तरुण कामगार तीव्र ताप, छातीत दुखणे आणि रक्तमिश्रित बेडका अशा लक्षणांनी न्यू सिव्हिल हॉस्पिटलात येऊ लागले. त्यांतील काही भरती झाल्यावर एका दिवसात दगावले.

घबराटीने लाखो लोकांनी शहर सोडले. हिरे व यंत्रमागाच्या धंद्यातला मोठा वर्ग बाहेरगावचा होता. त्यात खानदेशातील मराठी कुटुंबेही होती आणि सुरत–भुसावळ रेल्वेमार्ग त्यांना थेट गावी नेणारा होता. अनेक खासगी डॉक्टरही दवाखाने बंद करून गेले. भार सरकारी रुग्णालयावर पडला, आणि ते बंद पडले नाही हे या साथीतले मोठे वैद्यकीय यश म्हणावे लागेल.

उपचार : प्लेगच्या जंतूवर पेनिसिलिन चालत नाही. स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल ही औषधे चालतात, पण फुफ्फुसी प्रकारात ती पहिल्या चोवीस तासांत सुरू व्हावी लागतात. तसे न झाल्यास मृत्यू जवळजवळ अटळ असतो. त्यामुळे तपासणीच्या निकालाची वाट न पाहता लक्षणांवरूनच उपचार सुरू झाले, रुग्णांना वेगळे ठेवण्यात आले आणि संपर्कातील लोकांना टेट्रासायक्लिन देण्यात आले. शहरातील औषधदुकानांत या कॅप्सूल पाहता पाहता संपल्या. रुग्णालयात येण्याआधीच हजारोंनी त्या घेतल्या होत्या. त्यामुळे जीव वाचले आणि पुरावा पुसला गेला, कारण औषध पोटात गेल्यावर बेडक्यातून जंतू वाढवणे अवघड होते.

निदानाचा वाद : प्लेगचा जंतू ‘यर्सिनिया पेस्टिस’ सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही टोकांना गडद रंगलेला दिसतो, पण एवढ्याने निदान पक्के होत नाही. जंतू वेगळा वाढवणे किंवा रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांचे प्रमाण दोन नमुन्यांत चौपट वाढलेले दाखवणे आवश्यक असते. अनेक रुग्णांचा दुसरा नमुना मिळालाच नाही, कारण ते पळून गेले होते. तीन दशके रोग न दिसल्याने प्रयोगशाळांची तयारीही तोकडी होती. प्रतिपिंडचाचणीच्या आधारे १९९४ मध्ये देशभरात ८७६ संभाव्य रुग्ण व ५४ मृत्यू जागतिक आरोग्य संघटनेला कळवण्यात आले. मृतांतील बहुतेक सुरतेचे होते.

शंका घेणाऱ्यांचे मुद्दे हलके नव्हते. खोकल्यातून पसरणारा रोग शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये आणि घरच्या माणसांमध्ये फारसा का पसरला नाही? पुरानंतरचा लेप्टोस्पायरोसिस, मेलिऑइडोसिस किंवा हांटा विषाणूचा संसर्ग असेल काय? यांपैकी लेप्टोस्पायरोसिसची शक्यता ओढूनताणून आणलेली नव्हती. दक्षिण गुजरातेत भात व उसाच्या शेतांत राबणाऱ्यांना पावसाळ्यात तो होतो आणि त्यातही फुफ्फुसांत रक्तस्राव होऊ शकतो.

केंद्र सरकारने डॉ. व्ही. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. तिने रोग प्लेगच असल्याचा निष्कर्ष काढला. १९९६ मध्ये सुरत व बीड येथील जंतूंच्या जनुकीय तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २००० मध्ये हैदराबादच्या सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायॉलॉजी या संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या अभ्यासानेही जनुकक्रमावरून तोच जंतू ओळखला. यामुळे मूळ प्रश्न मिटला, पण साथीचा खरा आकार किती होता हे अनिर्णित राहिले. संभाव्य म्हणून मोजलेल्या रुग्णांतील बऱ्याच जणांना दुसराच आजार असण्याची शक्यता आहे.

परिणाम : १९९५ मध्ये महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी हाती घेतलेल्या सफाईमुळे सुरतेचे रूप पालटले. त्याची चर्चा निदानविषयक धड्यांपेक्षा अधिक झाली. तरीही प्रयोगशाळांतील फरक पुढे दिसला. फेब्रुवारी २००२ मध्ये हिमाचल प्रदेशातील सिमला जिल्ह्यात फुफ्फुसी प्लेग उद्भवला, तेव्हा पीसीआर व कल्चर या दोन्ही पद्धतींनी निदान त्वरित पक्के झाले. त्या साथीत १६ रुग्ण आढळले व ४ दगावले.