करंजवेल आणि पेशीची चूल

मालवणच्या खाड्यांच्या काठी, कांदळांच्या गर्दीत, करंजवेल वाढते. तिच्याच प्रजातीतील वेलींची मुळे कुटून ती पाण्यात कालवावयाची आणि बधिर होऊन वर आलेले मासे हातांनी वेचावयाचे, ही विद्या आशियातील कित्येक किनाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ती कोणी ग्रंथात शिकविली नाही. तथापि पेशीचे एक मोठे गुपित तिनेच उलगडण्यास साह्य केले, हे आम्हांस आज सांगावयाचे आहे.

दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गियानामध्ये तेथील रहिवाशांच्या अशाच एका वनस्पतीतून एमान्युएल जॉफ्रुआ याने विषद्रव्य वेगळे केले. त्याचा प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १८९५ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९०२ साली तैवानात काझुओ नागाई या जपानी रसायनज्ञाने करंजवेलीच्या भावकीतल्या वेलीतून शुद्ध स्फटिक मिळविले व त्यांना ‘रोटेनोन’ हे नाव दिले. दोन्ही द्रव्ये एकच, हे १९३० पर्यंत सिद्ध झाले.

पण मासा मरतो कशाने? पाण्यातला प्राणवायू तर संपलेला नसतो! पेशीतील तंतुकणिका म्हणजे जणू तिची चूल. अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे एका हातातून दुसऱ्या हातात जावे तसे पुढे सरकतात, शेवटी प्राणवायूस मिळतात, आणि त्या प्रवासातून पेशीला शक्ती लाभते. रोटेनोन या साखळीचा पहिलाच मोठा दुवा अडवून धरते. प्राणवायू दाराशी उभा, पण घरातली चूल विझलेली! साखळीतील दुव्यांचा क्रम लावताना शास्त्रज्ञांना हाच अडसर उपयोगी पडला. त्या प्रवासातून शक्ती कशी साठते, याची उपपत्ती पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली. १९७८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता ‘झाडपाल्याचे ते निरुपद्रवी’ असे मानणाऱ्यांनी थोडे थांबावे. रोटेनोन नैसर्गिक कीटकनाशक म्हणून दीर्घकाळ विकले गेले. परंतु ते सतत दिलेल्या उंदरांत कंपवातासारखी लक्षणे दिसल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. वहाळाच्या कोंडीत विष कालवले, तर मोठ्या माशाबरोबर पिल्लेही मरतात. म्हणूनच १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने मासे मारण्यासाठी पाण्यात विष टाकणे हा गुन्हा ठरविला.

पूर्वजांची विद्या थोर खरीच. पण तिचा आदर करावयाचा तो तिची धार ओळखून, असे आम्हांस वाटते.