झाशीचे बिऱ्हाड

राज्ये कोणी घेतली आणि कोणी गमावली हे इतिहास तत्परतेने सांगतो. त्या राज्यांत नव्याने आलेल्या माणसांनी पहिल्या रात्री चूल कोठे पेटविली, आणि सोबतच्या मुलांना कोणाच्या ओसरीवर निजविले, हे तो क्वचितच सांगतो. मराठीत या दुसऱ्या गोष्टीसाठी एक नेमका शब्द आहे : बिऱ्हाड. घर बांधावे लागते, वाडा मिळवावा लागतो, वतन संपादावे लागते; बिऱ्हाड मात्र मांडावे लागते, आणि वेळ आली की पाठीवर घेऊन निघावेही लागते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत नर्मदेपलीकडे गेलेल्या मराठी कुटुंबांचा इतिहास हा पुष्कळ अंशी या शब्दाचा इतिहास आहे. त्याचे सर्वांत बोलके उदाहरण झाशी येथे सापडते.

झाशीचा किल्ला मराठ्यांचा नव्हे. ओरछाच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये तो बांधला. १७२९ मध्ये बंगषाच्या वेढ्यात सापडलेल्या छत्रसालाच्या साहाय्याला पहिला बाजीराव धावला, त्या उपकाराची फेड म्हणून बुंदेलखंडाचा मोठा हिस्सा पेशव्यांकडे आला आणि पुढे झाशीही मराठ्यांच्या अंमलाखाली गेली. १७४२ मध्ये सुभेदार म्हणून आलेल्या नारोशंकराने किल्ला वाढविला आणि त्याच्या पायथ्याशी वस्ती वसविली. नाशिकला गोदेकाठी ज्याच्या नावाचे मंदिर आजही ओळखले जाते, तोच हा नारोशंकर. पुढे शहराभोवती तट उभा राहिला. त्याच्या दरवाजांना दतिया, ओरछा, उन्नाव, भांडेर अशी शेजारच्या गावांची नावे आहेत. त्यांच्यातच एक खंडेराव दरवाजाही आहे. बुंदेली नावांच्या ओळीत उभे असलेले हे खंडोबाचे नाव कोणा परक्या मुलखात आलेल्या माणसाने ठेवले असेल, हे निराळे सांगावयास नको.

दूर मुलखात जाणाऱ्या कुटुंबाला वस्तीची जागा निवडताना कोणत्या गोष्टी पाहाव्या लागत? आपली भाषा बोलणारे शेजारी, मुलाची मुंज लावील असा आपल्या शाखेचा उपाध्याय, मुलीला स्थळ मिळेल इतका जातीचा गोतावळा, आणि सर्वांत आधी, ज्याच्या पदरी राहावयाचे असा धनी. झाशीत नेवाळकरांची सुभेदारी स्थिरावली तेव्हा या चारही गोष्टी एकत्र आल्या. नेवाळकर मूळचे कोकणातले. खानदेशातील पारोळ्याशीही त्यांचा संबंध. रघुनाथराव नेवाळकराने झाशीत महालक्ष्मीचे मंदिर बांधले. कुलदैवत नव्या गावात आणणे म्हणजे परत न जाण्याचा निश्चय करणे होय. जे बिऱ्हाड होते ते तेथे वतन झाले. १८१७ च्या तहाने ती सत्ता वंशपरंपरागत ठरली आणि १८३२ मध्ये सुभेदाराला राजा ही पदवी मिळाली.

याच झाशीत १८४२ मध्ये मोरोपंत तांबे आपल्या मुलीसह आले. मोरोपंतांचे आयुष्य हा बिऱ्हाडाचाच एक पाठ आहे. पेशवाई बुडाल्यावर दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी अप्पा काशीस राहिले. त्यांच्या आश्रयाला मोरोपंत होते. तेथेच मनकर्णिकेचा जन्म झाला. अप्पांच्या निधनानंतर आश्रय संपला आणि हे कुटुंब ब्रह्मावर्तास बाजीरावांकडे गेले. मुलीची आई भागीरथीबाई तिच्या लहानपणीच वारली. म्हणजे धन्याच्या मरणाने एक गाव सुटले आणि आईच्या मरणाने घरातले घरपण उणे झाले. अशा स्थितीत पोर पदरी असलेल्या विधुर बापाने तिसरे गाव निवडले, ते मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने. झाशीचे गंगाधरराव वयाने पुष्कळ मोठे आणि बिजवर होते. पण राज्य होते, स्वजातीचे घर होते, आणि बापालाही लेकीजवळ राहता येणार होते. लग्न झाशीतच लागले. मुलीचे नाव बदलून लक्ष्मीबाई झाले.

येथे एक वाद उपस्थित होतो, आणि तो केवळ सनावळीचा नाही. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्रात राणीचा जन्म १८३५ चा दिला आहे. सर्वत्र रूढ झालेले साल मात्र १८२८ आहे. पारसनिसांचे साल खरे धरले तर झाशीच्या वेशीतून आत आलेली मुलगी साडेसहा वर्षांची होती. दुसरे खरे धरले तर ती तेराचौदा वर्षांची होती. १८५४ मध्ये राणीने सल्ल्यासाठी बोलावलेला वकील व लेखक जॉन लँग याने तिचे वय अंदाजे सव्वीस-सत्तावीस सांगितले आहे, आणि ते १८२८ ला अनुकूल आहे. आपण चरित्रे वाचताना हा मुद्दा पुराव्याच्या तराजूत तोलतो आणि पुढे जातो. पण साडेसहा वर्षांच्या मुलीला गाव बदलणे म्हणजे खेळगडी बदलणे. चौदा वर्षांच्या मुलीला ते आयुष्य बदलणे असते. मोरोपंतांनी नेमके कोणाला झाशीस आणले, याचे उत्तर त्या सात वर्षांच्या फरकात दडलेले आहे. आपल्या चरित्रकारांना राणीच्या तलवारीचे वर्णन जितके महत्त्वाचे वाटले, तितका हा प्रश्न वाटला नाही.

मोरोपंतांची निवड अकरा वर्षे बरोबर ठरली. १८५१ मध्ये राणीला मुलगा झाला, तो काही महिन्यांतच गेला. २० नोव्हेंबर १८५३ रोजी मरणशय्येवर असलेल्या गंगाधररावांनी वासुदेवराव नेवाळकरांचा मुलगा आनंद याला दत्तक घेतले आणि त्याचे नाव दामोदर ठेवले. हे नाव त्या गेलेल्या मुलाचे होते असे सांगतात. दुसऱ्याच दिवशी गंगाधरराव निवर्तले. पाचव्या वर्षात असलेला हा मुलगा चोवीस तासांत नवे नाव, नवी आई आणि नवा वाडा अशा तिन्ही गोष्टींचा धनी झाला, आणि नवा बाप त्याला मिळताच गेला. मनकर्णिकेप्रमाणेच त्याचेही घर बदलले ते नावासकट. मराठी कुटुंबव्यवस्थेत सून आणि दत्तक पुत्र या दोघांनाच ही किंमत मोजावी लागे, हे साम्य ध्यानात घेण्याजोगे आहे.

डलहौसीने दत्तक नामंजूर केला. १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले, राणीला दरमहा पाच हजारांची नेमणूक ठरली, आणि किल्ला सोडून तिला शहरातल्या वाड्यात राहावे लागले. आज ‘राणी महाल’ म्हणून दाखवितात तो हाच वाडा. या प्रसंगाकडे आपण नेहमी राज्य गेल्याचा प्रसंग म्हणून पाहतो. क्षणभर तो एका विधवा बाईने पोरक्या मुलासह घर बदलल्याचा प्रसंग म्हणून पाहावा. तिच्यापुढे दुसरी वाट होती. राज्य गेलेल्या, वैधव्य आलेल्या मराठी स्त्रीने गंगेकाठी जाऊन उरलेले दिवस काढावेत, ही त्या काळी सर्वमान्य रीत होती. काशी तर तिचे जन्मगावच. नेमणुकीत तेथे सुखाने राहता आले असते. ती गेली नाही. झाशी सोडणे म्हणजे मुलाचा हक्क आपण होऊन सोडणे, हे तिने ओळखले होते. राहण्याची जागा हाच तिचा दावा होता.

लँगच्या भेटीतला एक तपशील या दृष्टीने फार मोलाचा आहे. राणी पडद्याआड बसून बोलत होती. लहानग्या दामोदराने तो पडदा बाजूस सारला आणि लँगला तिचे ओझरते दर्शन घडले. लँगने ते वर्णन एका परक्या पुरुषाच्या कुतूहलाने लिहिले आहे. आपल्याला त्यात दिसते ते निराळे : ज्या मुलाच्या नावावर कलकत्त्यापर्यंत अर्ज चालले होते, तो मुलगा वाड्यात पडद्याशी खेळत होता. मुलासाठी घर राखणे आणि मुलाच्या आधाराने राज्य राखणे या दोन गोष्टी त्या वाड्यात वेगळ्या करता येत नव्हत्या. राणीच्या निर्णयातली ही गुंतागुंत मान्य केल्याने तिची थोरवी उणी होत नाही. उलट ती माणसाच्या मापाची होते.

जून १८५७ मध्ये झाशीच्या छावणीत उठाव झाला आणि राणीकडे पुन्हा कारभार आला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजने शहराला वेढा घातला. या वेढ्याचे आतून पाहिलेले मराठी वर्णन आपल्याजवळ आहे, ही आपल्या वाङ्मयाची भाग्याची गोष्ट होय. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे घरचे दारिद्र्य फेडावे म्हणून दक्षिणेच्या आशेने उत्तरेत गेले होते, आणि झाशीत अडकले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केला. गोडसे भटजींची दृष्टी सेनापतीची नाही, बिऱ्हाडकरूची आहे. कोणत्या पेठेत श्रीमंती होती, तोफेचे गोळे कोठे पडले, आग कोठे लागली, माणसे कोठे दडली, पाणी कसे मिळाले, हे ते सांगतात. शहर पडल्यावर झालेल्या कत्तलीचे त्यांचे वर्णन वाचताना कळते की एरवी ज्या वस्तीत मराठी कुटुंब सुरक्षित राहिले असते, तीच वस्ती त्या दिवसांत सर्वांत धोक्याची झाली होती. धन्याच्या जवळ राहावे, हा शतकभराचा शहाणपणा एका दिवसात उलटा झाला. मोरोपंतांनाही तो भोवला; दतियाकडे पकडले जाऊन झाशीत त्यांना फाशी देण्यात आले. गोडसे मात्र लुटले जाऊनही गंगेचे पाणी घेऊन वरसईला परतले. त्यांचे घर मागे शाबूत होते. मोरोपंतांना मागे घरच नव्हते.

एप्रिल १८५८ च्या सुरुवातीस राणी रात्रीच्या वेळी शहरातून निसटली. आपल्या चौकाचौकांतील पुतळ्यांत तिच्या पाठीशी तान्हे मूल बांधलेले असते. दामोदर १८४९ सालचा. त्या रात्री त्याला नववे वर्ष चालू होते. तान्ह्या मुलाला आठवण नसते, आठ वर्षांच्या मुलाला ती असते. शिल्पकारांनी आणि कवींनी त्याला तान्हा करून त्याची आठवणच काढून घेतली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडली. त्यानंतर दामोदर काही निष्ठावंत माणसांसह रानावनांत हिंडत राहिला. इंग्रजांच्या भयाने गावकरी त्यांना आसरा देण्यास धजत नसत. ज्या मुलाचे नाव किल्ल्याच्या दाव्यात होते, त्याला पावसाळ्यात छप्पर मिळेना. शेवटी सोबत्यांनी इंग्रजांशी बोलणे लावले आणि १८६० मध्ये तो इंदूरला आला.

इंदूरच का? होळकरांच्या त्या शहरात मराठी वस्ती होती, मराठी भाषा होती, मुंज-लग्नाला ब्राह्मण होते. म्हणजे पूर्वी झाशीत जे शोधले जाई ते सारे होते. पण तेथेच इंग्रजांची रेसिडेन्सीही होती, आणि निर्णायक कारण हे दुसरे. मुलावर नजर ठेवता यावी म्हणून त्याचे गाव ठरविण्यात आले. योगायोगाने ते गाव त्याच्या भाषेचे निघाले. त्याला लहानशी नेमणूक मिळाली, तो तेथेच वाढला, संसारी झाला, आणि २८ मे १९०६ रोजी तेथेच वारला. झाशीतील रात्रीनंतर तो अठ्ठेचाळीस वर्षे जगला. पारसनिसांचे चरित्र आले तेव्हा तो हयात होता. गोडसे भटजींचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर वर्षभराने निघाला. या अठ्ठेचाळीस वर्षांवर आपण किती पाने खर्च केली आहेत, ते ग्रंथालयांच्या सूचीत कोणीही पाहावे.

झाशीचे पुढे काय झाले? १८६१ मध्ये इंग्रजांनी शहर व किल्ला शिंद्यांना दिला, आपले ठाणे शेजारी झाशी नौआबाद येथे ठेवले, आणि १८८६ मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात झाशी परत घेतली. मग रेल्वे आली, १८९५ मध्ये तिचा कारखाना आला, आणि मुलाबाळांसह नव्याने येणाऱ्या कुटुंबांना वस्तीची निवड करताना पाहावयाच्या गोष्टी बदलल्या : नोकरीचे ठिकाण, शाळा, दवाखाना. धन्याच्या जागी खाते आले. तरी जुन्या मराठी घरांतून गणपती बसत राहिला, आणि राणीचे लग्न ज्या गणेशमंदिरात लागले असे सांगतात ते मंदिर महाराष्ट्राच्या नावानेच ओळखले जाते.

बृहन्महाराष्ट्राचा इतिहास लिहिताना आपण लढाया, तह आणि सनदा यांचा क्रम लावतो. तो क्रम आवश्यकच आहे. पण त्याच्या शेजारी दुसरा क्रम लावून पाहावा : काशी, ब्रह्मावर्त, झाशी, इंदूर. यांतले प्रत्येक गाव कोणीतरी मुलांसाठी निवडले, किंवा मुलांवर लादले. १९०६ मध्ये इंदूरला गेलेल्या त्या छप्पन्न वर्षांच्या गृहस्थाला ‘आपले गाव कोणते?’ असे कोणी विचारले असते, तर त्याने पारोळ्याचे, झाशीचे की इंदूरचे नाव घेतले असते, हा प्रश्न त्या दुसऱ्या क्रमातूनच उभा राहतो. साहित्याच्या अभ्यासकाने तो विचारावयास हवा, कारण सनदांना त्याचे उत्तर देता येणार नाही.