लखोटा, कार्ड आणि कुकी

पत्र लखोट्यात घालून त्यावर लाखेची मोहोर उठविण्याची चाल ज्या काळी पडली, त्याच काळी दुसऱ्याचा लखोटा उघडण्याची विद्याही जन्मास आली असली पाहिजे. कुलूप आणि चोरकिल्ली ही जुळी भावंडे होत. युरोपातील कित्येक राजदरबारांनी ही विद्या पदरी बाळगली होती. अठराव्या शतकात व्हिएन्ना येथे परराज्यांच्या वकिलांचे टपाल उघडून, त्याच्या नकला उतरून आणि मोहोर पूर्ववत करून ते बिनबोभाट पुढे रवाना होत असे. इंटरनेटवर आपली खाजगी माहिती कशी राखावी, ही चर्चा हल्ली सुशिक्षित घरांतून नित्य ऐकू येते आणि ती केवळ नव्या यंत्रांची चर्चा आहे असे समजण्यात येते. आमच्या मते हा प्रश्न टपालाइतकाच जुना आहे. टपालाचा इतिहास डोळ्यांपुढे ठेवला म्हणजे त्यातील खरा पेच कोठे आहे ते अधिक स्पष्ट दिसते.

इंग्लंडात १७११ च्या कायद्याने मंत्र्याच्या लेखी हुकुमावाचून टपालातील पत्र उघडण्यास बंदी केली. अर्थात हुकूम असल्यास मार्ग मोकळाच होता. पण सामान्य जनांस याची फारशी जाणीव नव्हती. ती १८४४ साली झाली. इटलीचा देशभक्त मॅझिनी त्या वेळी परागंदा होऊन लंडनमध्ये राहात होता. मराठी वाचकांस हे नाव अपरिचित नाही. सावरकरांनी केलेले त्याच्या आत्मचरित्राचे भाषांतर १९०७ साली प्रसिद्ध झाले व पुढे सरकारने ते जप्त केले. आपली पत्रे वाटेत कोणी वाचीत आहे, असा मॅझिनीस संशय आला. तेव्हा त्याने व त्याच्या मित्रांनी पत्रांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण असल्या वस्तू घालून पाहिल्या. पत्रे पोहोचली, पण दाणे पोहोचले नाहीत! जून महिन्यात डन्कोम्ब या सभासदाने हे गाऱ्हाणे पार्लमेंटपुढे मांडले आणि गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहम यांस हुकूम दिल्याचे कबूल करावे लागले. कार्लाइलने ‘टाइम्स’ पत्रात निषेध केला, ‘पंच’ने मंत्र्यांची यथेच्छ चेष्टा केली, दोन्ही सभागृहांच्या गुप्त समित्या बसल्या आणि परराष्ट्रीय टपाल उघडणारी जुनी कचेरी त्याच साली बंद झाली. मंत्र्याचा हुकूम बेकायदा नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात धरण्यासारखी आहे. चारच वर्षांपूर्वी, म्हणजे १८४० साली, एका पेनीत देशभर कोठेही पत्र धाडण्याची सोय झाली होती आणि वर्षाकाठी सुमारे साडेसात कोटी असलेली पत्रांची संख्या एकदम सतरा कोटींच्या घरात गेली होती. घरोघरची सुखदुःखे टपालात पडू लागली होती. ज्या मोहोरेवर एवढा भरवसा टाकला ती पोकळ निघाली, याचा तो संताप होता.

यापुढील प्रकरण आम्हांस अधिक बोधप्रद वाटते. १८६९ साली ऑस्ट्रियात पोस्टकार्ड निघाले आणि १८७९ साली ते हिंदुस्थानात पाव आण्यास मिळू लागले. त्यास लखोटा नाही, मोहोर नाही. पोस्टमास्तरापासून शेजाऱ्यापर्यंत ज्याला अक्षरओळख आहे त्याने ते खुशाल वाचावे. असे असता कार्डाविरुद्ध मॅझिनीसारखे गाऱ्हाणे घेऊन कोणी उठला नाही. कारण उघड आहे. गुप्तता द्यावयाची आणि स्वस्ताई घ्यावयाची, हा सौदा लिहिणाराने समजून उमजून केलेला होता. म्हणून आपल्या वडीलधाऱ्यांच्या कार्डांत खुशाली, पाऊसपाणी आणि मुलांच्या परीक्षा एवढेच येई. कर्जाची, दुखण्याची किंवा सोयरिकीची नाजूक गोष्ट निघाली की ‘बाकी समक्ष भेटीत’ या तीन शब्दांवर कार्ड संपे. त्या तीन शब्दांत एका समाजाचे व्यवहारज्ञान साठविलेले आहे.

आता आधुनिक टपालाकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेत वेबची योजना मांडली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद सुलभपणे वाचता यावेत म्हणून. त्या मंडळीत लपविण्यासारखे काही नव्हते. म्हणून तिच्यावरील मजकूर कार्डाप्रमाणे उघडाच प्रवास करी. पुढे व्यापार आला आणि कुलपाची गरज पडली. कधीही न भेटलेल्या दोन व्यक्तींनी भर चव्हाट्यावर बोलून आपसात गुप्त किल्ली कशी ठरवावी, ही युक्ती डिफी व हेलमन यांनी १९७६ साली जगापुढे ठेवली होती. तिच्या आधारे नेटस्केप कंपनीने १९९५ च्या सुमारास वेबला लखोटा चढविला. पुष्कळ वर्षे तो पैशाच्या व्यवहारापुरताच वापरीत. परंतु २०१३ साली एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकी सरकारच्या अफाट टेहळणीचे कागद उघड केले, तेव्हापासून तो सर्वत्र आणण्याच्या खटपटीस जोर आला आणि आज बहुतेक पाने बंद लखोट्यातूनच येतात. तथापि लखोट्यावरचा पत्ता अद्याप सहसा झाकलेला नसतो. आपण काय वाचले हे वाटेतल्यास कळत नसले, तरी कोणाच्या दारी गेलो हे इंटरनेट पुरविणारास बहुधा कळतेच.

परंतु मुख्य भय आता वाटेवर नाही. ते यजमानाच्या घरात आहे. वेबच्या मूळ रचनेत स्मरणशक्ती नव्हती. एका पानावरून दुसऱ्यावर गेलेला मनुष्य दुकानदारास नवखाच वाटे. ही अडचण दूर करण्यासाठी नेटस्केपमधील लू मॉन्टुली यांनी १९९४ साली कुकी नावाची चिठ्ठी काढली. दुकानाने ती आपल्या ब्राउझरजवळ ठेवावी आणि पुढच्या भेटीत पाहून ओळख पटवावी, एवढेच तिचे काम. ज्याची चिठ्ठी त्यानेच वाचावी, हा नियमही तिच्यात होता. पण एका पानावर दुसऱ्याच्या घरचे चित्र लावता येते, या फटीतून जाहिरातवाले आत शिरले. हजारो संकेतस्थळांवर एकाच जाहिरात कंपनीचे चित्र असले, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तीच चिठ्ठी दाखविली जाते आणि सकाळी औषधांच्या पानावर गेलेला गृहस्थ संध्याकाळी नोकरी शोधीत आहे, हे त्या तिऱ्हाइतास आपोआप समजते. असल्या तिऱ्हाईत चिठ्ठ्या मूळ मांडणीत बंद असाव्यात, असे १९९७ च्या तांत्रिक नियमावलीने सुचविले होते. प्रमुख ब्राउझरांनी तिकडे कानाडोळा केला. २०२० साली ॲपलच्या सफारीने त्या सरसकट अडविल्या. गूगलने त्याच साली क्रोममधून त्या दोन वर्षांत काढण्याचे जाहीर केले आणि २०२४ साली तो बेत सोडला. शिवाय चिठ्ठी नसली तरी ओळख पटतेच. २०१० च्या एका परीक्षेत ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, तेव्हा त्यांतील ८३.६ टक्के आपल्या ठेवणीवरूनच एकमेवाद्वितीय ठरले. नाव वगळल्यानेही सुटका नाही. २००६ साली एओएल कंपनीने सुमारे साडेसहा लक्ष ग्राहकांचे शोध नावाऐवजी आकडे घालून प्रसिद्ध केले, तेव्हा नुसत्या शोधांवरून वार्ताहरांनी एका बाईचे घर गाठले.

येथेच आमचा मुद्दा येतो. मॅझिनीच्या पत्रास लखोटा होता व तो फोडला गेला. कार्डास लखोटाच नव्हता व ते सर्वांस ठाऊक होते. आजचे टपाल म्हणजे लखोट्याचा वेष घेतलेले कार्ड आहे. एकांतात, दार लावून, मनुष्य शोधाच्या चौकटीत आपले दुखणे, आपले कर्ज, मुलीच्या संसारातील विघ्न असे काही लिहितो, की जे त्याने सख्ख्या भावासही कार्डावर कळविले नसते. सौदा झालेला असतो; झाला हे मात्र त्यास माहीत नसते.

कायद्याने या बाबतीत काही पावले टाकली आहेत. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने दिला आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचा मुख्य आधार संमती हा आहे. परंतु न वाचता दाबलेल्या कळीस संमती म्हणणे म्हणजे न वाचता उठविलेल्या अंगठ्यास खत म्हणण्यासारखे आहे. अंगठ्यांच्या खतांनी किती शेते सावकारांच्या घशात गेली, हे महाराष्ट्रास सांगावयास नको. सबब, कायद्याच्या जोडीस घरोघरची सवय हवी. ब्राउझरमध्ये तिऱ्हाईत कुकी बंद करण्याची सोय बहुधा असते, ती वापरावी. कारण दिसत नाही तेथे जन्मतारीख व फोन नंबर देऊ नये. ‘खाजगी’ म्हणविणारी खिडकी घरातल्यांपासून इतिहास लपविते, संकेतस्थळांपासून नव्हे, हे मुलांस समजावून द्यावे. मोहोर अस्सल आहे की केवळ रंगविलेली, हे ओळखण्यास शिकावे. आणि ज्या ठिकाणी ती ओळख पटत नाही, त्या ठिकाणी आपल्या वडीलधाऱ्यांप्रमाणे ‘बाकी समक्ष भेटीत’ म्हणून हात आवरावा, हेच शहाणपणाचे होय.