घरगुती चलच्चित्राची प्रत आणि तिचा काल

संपादित घरगुती चलच्चित्र संगणकातून बाहेर काढण्याच्या क्रियेस ‘एक्स्पोर्ट’ म्हणतात. ‘निर्यात’ हा तिचा शब्दशः अनुवाद व्यापारी वळणाचा आहे. ‘प्रत काढणे’ हा लेखनिकांचा जुना प्रयोग वस्तुस्थितीस अधिक जवळचा होय. इ. स. १९९९ मध्ये ॲपल कंपनीचे ‘आयमूव्ही’ प्रथम आले, तेव्हा ही क्रिया म्हणजे प्रामुख्याने चित्र कॅमेऱ्यातील फितीवर परत उतरविणे होय. डीव्ही पद्धतीच्या तासाभराच्या चित्रणास सुमारे १३ गिगाबाइट जागा लागे. त्या वर्षीच्या ‘आयमॅक डीव्ही’ची हार्ड डिस्क अवघी १० गिगाबाइटांची! संगणक ही केवळ कार्यशाळा. संग्रह फितीवरच राही.

पुढे ‘आयडीव्हीडी’ (२००१) आणि एच.२६४ ही संकेतपद्धती (२००३) यांमुळे प्रत आटोपशीर झाली. मात्र आकुंचनात गाळलेला तपशील तीतून पुन्हा मिळविता येत नाही. मूळ चित्रण जागेअभावी पुसले गेले असेल, तर अभ्यासकाच्या हाती ही प्रतच काय ती उरते. तिच्या कालनिर्णयात विशेष सावधगिरी हवी. पोथीच्या पुष्पिकेतील शक अनेकदा नकलेचा असतो, रचनेचा नव्हे. त्याचप्रमाणे अशा फाइलवरील दिनांक बहुधा प्रत काढल्याचा असतो, चित्रणाचा नव्हे.