प्राणवायूचे दुसरे रूप

नांगराचा बैल दमला की धापा टाकतो. प्राणवायूवाचून स्नायूंचे काम चालत नाही, हे शाळेतला मुलगाही सांगेल. पण त्याच प्राणवायूपासून स्नायूंत दाहक ठिणग्याही पडतात, हे कळायला फार काळ गेला. आणि गंमत अशी, की त्या ठिणग्या विझवणारा पदार्थ शास्त्रज्ञांच्या हाती येऊनही ३१ वर्षे त्याचे काम कुणाला ठाऊक नव्हते.

केंब्रिजचे डेव्हिड केलिन हे मूळचे कीटकांचे अभ्यासक. माशीच्या पंखांचे स्नायू वर्णपटदर्शकातून पाहताना त्यांना चार काळे पट्टे दिसले. मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणारा एक पतंग असतो. तो त्यांनी जिवंतच यंत्राखाली धरला. पतंग पंखांची धडपड करू लागला की पट्टे ठळक होत, निवांत झाला की पुसट. १९२५ साली केलिन यांनी या द्रव्याला सायटोक्रोम हे नाव दिले. खरे तर १८८० नंतरच्या दशकात मॅकमन नावाच्या एका डॉक्टरने हे पट्टे पाहिले होते. पण होप-झायलर या बड्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते मानले नाही. मोठ्यांचा शब्द कधीकधी असा महागात पडतो!

सायटोक्रोम करते काय? अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन हातोहात प्राणवायूपर्यंत पोचवते. हे काम पेशीतल्या तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकाँड्रियांत चालते. प्राणवायूच्या एका रेणूचे पाणी व्हायला चार इलेक्ट्रॉन लागतात. वाटेत सांडलेला एकच मिळाला, तर होतो सुपरऑक्साइड. हीच ती ठिणगी.

आता पाट डोळ्यांपुढे आणा. पाणी वाफ्यांत उतरत असले, तर काठावरून सांडत नाही. वाफ्यांची दारे बंद करा, वरून पाणी चालू ठेवा. पाट तुंबतो आणि काठ ओलांडतो. तंतुकणिकांचेही तसेच. अन्न भरपूर आणि काम थोडे, किंवा रक्तपुरवठा तुटून एकदम परत आला, की इलेक्ट्रॉन सांडतात.

१९३८ साली मान आणि केलिन यांनी गुरांच्या रक्तातून तांबे असलेले एक निळसर प्रथिन वेगळे काढले. त्याचे काम काय, ते कळेना. १९५४ साली अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमन यांनी अमेरिकेत काम करताना सांगितले, की जादा प्राणवायू आणि क्ष-किरण हे दोन्ही शरीराला एकाच मार्गाने इजा करतात. अखेर १९६९ साली मॅककॉर्ड आणि फ्रिडोविच यांना उलगडा झाला : ते निळे प्रथिन म्हणजे सुपरऑक्साइडचे हायड्रोजन पेरॉक्साइड करणारे विकर! त्याआधी १९६३ सालीच केलिन वारले होते.

पेरॉक्साइडचा निकाल दुसरी विकरे लावतात. शिक्षकांनी कच्च्या बटाट्याच्या फोडीवर औषधाच्या दुकानातले पेरॉक्साइड टाकून दाखवावे. जो फेस येतो, तो सुटलेल्या प्राणवायूचा.

१९७३ साली बोव्हेरिस आणि चान्स यांनी कबुतराच्या हृदयातल्या तंतुकणिकांतून निघणारे पेरॉक्साइड मोजले. १९८२ साली उंदीर थकून जाईपर्यंत पळवले, तेव्हा त्यांच्या स्नायूंत अशा दाहक कणांची खूण दोन ते तीन पट वाढलेली आढळली. तेव्हा बोट तंतुकणिकांकडे गेले. पण पळताना दारे उघडीच असतात, नाही का? त्या वेळच्या बऱ्याच ठिणग्या स्नायुपेशीच्या आवरणावरचे वेगळे विकर पाडते, असे आता दिसते.

मग गोळ्या घेऊन ठिणग्या विझवाव्यात काय? २००९ साली जर्मनीत तरुणांकडून चार आठवडे व्यायाम करवला. काहींना रोज १००० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि ४०० एकक ई जीवनसत्त्व दिले. इन्शुलिनला शरीराने चांगला प्रतिसाद देणे, हा व्यायामाचा लाभ गोळ्या न घेणाऱ्यांनाच मिळाला. पुढच्या काही प्रयोगांत निकाल इतका स्पष्ट आला नाही. तरी थोडी ठिणगी स्नायूला घडवते, हे मत आता बरेच शास्त्रज्ञ मानतात.