विमागणिताची जन्मकथा



अमुक एक मनुष्य केव्हां मरेल हें सांगण्याचें धाडस ज्योतिषीहि सहसा करीत नाहीं. पण चाळिशीच्या एक हजार माणसांपैकीं येत्या वर्षांत सुमारें किती दगावतील, हें सांगणारें शास्त्र गेल्या तीन शतकांत उभें राहिलें आहे. त्याच्या जाणकाराला इंग्रजींत ‘अ‍ॅक्चुअरी’ म्हणतात. आपण त्याला विमागणिती म्हणूं. आपल्या देशांतील कांहीं विद्यापीठांत आतां पदवीसाठीं हा विषय घेतां येतो, आणि गणितांत गति असलेल्या मुलांचे पालक त्याची चौकशी करूं लागले आहेत. पुष्कळांची समजूत अशी, कीं ज्याची आंकडेमोड पक्की त्याला हें शास्त्र साधलेंच. ही समजूत अर्धीच खरी आहे. हें शास्त्र कसें जन्मलें आणि कोठें कोठें ठेचाळलें हें पाहिलें, म्हणजे त्याच्या अभ्यासकानें मुख्यतः काय शिकावयाचें असतें तें ध्यानांत येईल.

सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडचें राज्य फ्रान्सशीं युद्धांत गुंतलें होतें आणि खजिन्यांत खडखडाट होता. पैसा उभारण्यासाठीं १६९३ सालीं सरकारनें वर्षासनें विकावयास काढलीं. शंभर पौंड भरावे आणि तहहयात दरसाल चौदा पौंड घ्यावे. भरणारा दहा वर्षांचा मुलगा असो कीं साठीचा म्हातारा, दर एकच! पन्नास वर्षें वर्षासन खाणारा आणि पांच वर्षांत आटोपणारा यांना एकाच मापानें मोजणें हा व्यवहार नव्हे, हें त्याच वर्षीं गणितानें दाखवून दिलें. दाखविणारा होता एडमंड हॅले. ज्याचें नांव पुढें त्या प्रसिद्ध धूमकेतूला मिळालें, तोच हा ज्योतिर्विद.

हॅलेनें आधार घेतला तो लंडनचा नव्हे, तर दूरच्या ब्रेस्लाऊ शहराचा. हें शहर आज पोलंडमध्यें असून त्याला व्रोत्स्वाफ म्हणतात. लंडनला परगांवचे लोक लोटत आणि तेथेंच मरत. शिवाय तेथील नोंदींत मृताचें वय नसे. ब्रेस्लाऊमध्यें कास्पर नॉयमन या धर्मोपदेशकानें १६८७ ते १६९१ या पांच वर्षांतील जन्ममृत्यूंच्या नोंदी वयासह जमविल्या होत्या. त्यांवरून हॅलेनें जें कोष्टक मांडलें त्याचा आरंभ १००० बालकांपासून होतो. त्यांतील विशीपर्यंत उरतात ५९८, चाळिशीपर्यंत ४४५ आणि साठीपर्यंत अवघीं २४२. कोणत्या वयाच्या माणसाला वर्षासनाची काय किंमत पडावी, हें त्यानें यावरून काढून दाखविलें. सरकारनें मात्र पुढेंहि दीर्घकाळ वयाकडे दुर्लक्षच केलें.

हें गणित व्यवहारांत आणण्याची पहिली धडपड केली ती एका शिक्षकानें. जेम्स डॉड्सन हा लंडनच्या ख्राइस्ट्स हॉस्पिटल या शाळेंत गणित शिकवी. त्या काळीं ‘अमिकेबल’ नांवाची एक विमामंडळी होती. तेथें तरुण आणि प्रौढ सारखीच वर्गणी भरीत. म्हणूनच पंचेचाळिशी उलटलेल्याला आंत घेत नसत. डॉड्सनलाहि याच कारणास्तव नकार मिळाला. तेव्हां त्यानें विचार केला, कीं वयानुसार हप्ता ठरविला तर कोणालाहि दारांतून परत पाठविण्याचें कारण काय? १७५६ सालच्या आपल्या व्याख्यानांत त्यानें जन्मभर एकाच दराचा हप्ता कसा बसवावा हें मांडलें. तरुणपणीं मनुष्य आपल्या धोक्याहून अधिक पैसे भरतो. तें अधिक द्रव्य चक्रवाढ व्याजानें वाढत राहतें. आणि उतारवयांत धोका हप्त्याहून मोठा झाला, कीं ती तूट याच सांठ्यांतून भरून निघते. सांठलेलें हें द्रव्य म्हणजे नफा नव्हे, ती उद्यांची देणी आहेत, हें या शास्त्राचें पहिलें सूत्र होय.

डॉड्सन १७५७ सालीं वारला. त्याच्या अनुयायांनीं राजाकडे सनद मागितली, पण ती मिळाली नाहीं. मृत्यूच्या कोष्टकांवर व्यवहार उभारणें ही केवळ कल्पना आहे, असा प्रयोग पूर्वीं कोणीं केलेला नाहीं, असा अभिप्राय सरकारी कायदेपंडितांनीं दिला. अखेर सनदेवांचूनच १७६२ सालीं ‘इक्विटेबल’ ही संस्था सुरू झाली, आणि तिच्या मुख्य अधिकाऱ्याला ‘अ‍ॅक्चुअरी’ हें नांव मिळालें. याच डॉड्सनचा पणतू ऑगस्टस डी मॉर्गन आपल्या मदुरेस जन्मला आणि पुढें लंडनचा विख्यात गणिती झाला.

त्या काळीं हा विषय शिकविणारी शाळा कोठेंच नव्हती. विल्यम मॉर्गन हा मूळचा वैद्यकीकडचा मनुष्य. त्याचे मामा रिचर्ड प्राइस हे इक्विटेबलचे सल्लागार होते. त्यांच्या शब्दावरून तो तेथें लागला आणि मेजावर बसूनच गणित शिकला. १७७५ पासून १८३० पर्यंत, तब्बल पंचावन्न वर्षें, तो त्या संस्थेचा अ‍ॅक्चुअरी होता. तिजोरी फुगलेली पाहून सभासद वांटणीसाठीं उतावीळ होत. मॉर्गन त्यांना आवरून धरी. ज्यांच्या विधवांना अद्याप पैसे द्यावयाचे होते, त्यांच्या वतीनें कोणी तरी नाहीं म्हणणारा हवाच होता.

पण तिजोरी इतकी फुगली कां? याचें उत्तर मोठें बोधप्रद आहे. इक्विटेबलचे हप्ते प्राइसच्या कोष्टकावर बेतलेले होते, आणि तें नॉर्थॅम्प्टन गांवच्या चर्चमधील नोंदींवरून केलेलें होतें. त्या गांवांत बाप्टिस्ट पंथाचे लोक बरेच होते. ते तान्ह्या मुलांना बाप्तिस्मा देत नसत. त्यामुळें मृत्यूंच्या मानानें जन्म फारच कमी नोंदले गेले. बाप्तिस्म्यांचा आंकडा हाच जन्मांचा आंकडा धरल्यामुळें जन्मलेल्या मुलाचें सरासरी आयुष्य अवघें सुमारें २५ वर्षें निघालें. वस्तुतः लोक त्याहून अधिक जगत. विमासंस्थेला ही चूक मानवली, कारण लोक हप्ते भरीत राहिले आणि मृत्यूचे दावे मागाहून आले. पण १८०८ सालीं ब्रिटिश सरकारनें त्याच कोष्टकावरून वर्षासनें विकलीं, आणि तेथें पारडें उलटलें. घेणारे मरेनात आणि खजिना रिता होऊं लागला! जॉन फिन्लेसन या अधिकाऱ्यानें हें नुकसान उघडकीस आणलें, आणि १८२८ सालीं ती विक्री थांबविण्यांत आली. बेरीज–गुणाकारांत कोठेंच चूक नव्हती. चूक होती ती आंकडा कोणाच्या आयुष्यावरून घेतला हें न विचारण्यांत.

हाच फिन्लेसन १८४८ सालीं लंडनमध्यें स्थापन झालेल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज’चा पहिला अध्यक्ष झाला. १८५६ सालीं एडिंबरोस तशीच संस्था निघाली. नेमलेला अभ्यासक्रम आणि परीक्षा यांची शिस्त या संस्थांनीं घालून दिली. उमेदवारानें दिवसा कचेरींत काम करावें, रात्रीं अभ्यास करावा, आणि वर्षामागून वर्षें एकेक परीक्षा ओलांडावी, ही रीत तेव्हांपासून पडली. विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत मिशिगन विद्यापीठांत जेम्स ग्लोव्हर यानें हा विषय शिकविण्यास सुरुवात केली, आणि कचेरींतील विद्या महाविद्यालयांत आली. तरीहि पदवी म्हणजे या वाटेवरील पहिला मुक्काम होय. पदवीनंतरहि व्यवसायसंस्थेच्या परीक्षा द्याव्या लागतातच; पदवीमुळें फार तर त्यांतील कांहीं विषयांची सूट मिळते.

नॉर्थॅम्प्टनचा प्रश्न आपल्या देशांत निराळ्या रूपानें उभा राहिला. १८१८ सालीं कलकत्त्यास आयुर्विम्याची संस्था निघाली ती गोऱ्या लोकांसाठीं. पुढें परदेशी संस्था हिंदी माणसाचा विमा घेऊं लागल्या, तेव्हां त्याच्यावर जादा हप्ता बसवीत. हिंदी आयुष्याचें भरंवशाचें कोष्टक कोणाजवळहि नव्हतें, आणि त्या अज्ञानाची किंमत गिऱ्हाइकानें भरावी असा हा न्याय होता. १८७० च्या सुमारास मुंबईस निघालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल’नें हिंदी माणसाला इतरांच्याच दरानें विमा दिला; १८७४ सालीं ‘ओरिएंटल’ ही संस्था मुंबईंतच स्थापन झाली. १९१२ च्या कायद्यानें हप्त्यांचे दर आणि संस्थेच्या देण्यांचें नियतकालिक मूल्यमापन यांवर अ‍ॅक्चुअरीची सही आवश्यक केली. ओरिएंटलच्या १९२५ ते १९३५ या काळांतील अनुभवावरून जें कोष्टक तयार झालें, तेंच पुढें आयुर्विमा महामंडळाच्या हप्त्यांचा पाया ठरलें. आपल्या माणसांचीं आयुष्यें आपण मोजलीं, तेव्हां आपला हप्ता आपल्याला रास्त ठरवितां आला.

१९ जानेवारी १९५६ रोजीं अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनीं आकाशवाणीवरूनच आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची वार्ता देशाला दिली. लहानमोठ्या २४५ विमासंस्था त्यायोगें सरकारच्या हातीं आल्या. तत्पूर्वींच्या दहा वर्षांत कित्येक संस्था बुडाल्या होत्या आणि गरीब विमेदारांची पुंजी त्यांत गेली होती. भारतीय विमागणितींची संस्था १९४४ सालींच स्थापन झाली होती. २००६ च्या कायद्यानें तिची जागा ‘इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडिया’नें घेतली.

आतां कोणी म्हणेल, कीं इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर हें शास्त्र निर्धोक झालें असेल. तसें नाहीं. ज्या इक्विटेबलच्या घरीं तें वाढलें, त्याच संस्थेनें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हजारो सभासदांना निवृत्तीनंतर ठराविक दराचें वर्षासन देण्याचें वचन दिलें. पुढें व्याजाचे दर उतरले, माणसें अधिक जगूं लागलीं, आणि त्या वचनाचा भार वाढत गेला. त्यासाठीं पुरेसा राखीव निधि मात्र बाजूला ठेवलेला नव्हता. २००० सालीं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठानें वचन पाळलेंच पाहिजे असा निवाडा दिला, आणि त्याच डिसेंबरांत त्या संस्थेनें नवीन सभासद घेणें बंद केलें. उतारवयाची तरतूद तिच्या भरंवशावर सोडलेल्या कितीतरी कुटुंबांना त्याची झळ लागली.

म्हणून ज्या विद्यार्थ्याला या विषयाची पदवी घ्यावयाची आहे, त्यानें संभाव्यतेचें गणित, चक्रवाढ व्याज, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा कसून अभ्यास करावाच. त्यावांचून या वाटेवर पाऊल पडत नाहीं. आज संगणक आंकडेमोड क्षणांत करून देतो. पण हा आंकडा कोणाच्या आयुष्यांतून आला, आणि आपण आज दिलेलें वचन चाळीस वर्षांनीं पाळतां येईल काय, हे दोन प्रश्न त्याला स्वतःलाच विचारावे लागतात. ते विचारण्याची संवय महाविद्यालयांत लागली नाहीं, तर पुढें कचेरींत ती लागणें कठीण. पालकांनीं मुलाचे गणितांतील गुण अवश्य पाहावेत. पण सोईचें उत्तर समोर आलें असतां तो तें पुन्हां तपासून पाहतो काय, हेंहि पाहावें.